सहा तुकड्यांची झोप

फ्रीजच्या दारावर तो तक्ता लागला, त्याच दिवशी छोटीने तो टराटरा फाडायला हवा होता. फाडता आला नसता ही गोष्ट वेगळी, कारण दादाने त्यावर प्लास्टिकचं आवरण चढवून आणलं होतं. एरवी कोणी सल्ला दिला तर तो एका कानाने ऐकून दुसऱ्या कानाने सोडता येतो. पण हा पडला शिकलेला माणूस, एका मोठ्या ऑफिसात लोकांना वेळेचं नियोजन शिकवून पगार घेणारा. त्याचा सल्ला ओल्या फडक्याने पुसला तरी जात नव्हता.

छोटी हे घरातलं नाव. बाई एकोणपन्नास वर्षांची, कानावरचे केस पांढरे झालेली, तरी मोठ्या भावाची छोटीच. तयार कपड्यांच्या कारखान्यात मात्र तिला सगळे मास्तरीण म्हणत. तिथे चाळीस जणी शिवायच्या आणि ही एकटी कापायची. शिवण चुकली तर उसवता येते, कापलेलं कापड पुन्हा अखंड करता येत नाही, म्हणून कटिंगच्या टेबलाला मान होता. तो मान तिला कोणी आंदण दिला नव्हता. सव्वीस वर्षांत तिच्या हातून एक थर वाया गेला नव्हता. लग्नाचं आधी जमलं नाही, मग तिने जमवलं नाही. पण ते टेबल तिचं होतं.

हा हात तिला दिला तो बाबांनी. बाबा शिंपी. दोन यंत्रांचं छोटंसं दुकान त्यांनी आयुष्यभर चालवलं आणि मुलीला दहाव्या वर्षापासून खडू धरायला शिकवला. चौदा महिन्यांपूर्वी त्यांना झटका आला. उजवं अंग गेलं, बोलणं बहुतेक गेलं. राहिला तो डावा हात, आणि डोकं, लख्ख. डॉक्टरांनी सांगितलं, दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठीला जखमा होतील. डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं होतं. आळीपाळीने फुगणारी हवेची गादी मिळते, ती आणलीत तर रात्री दोनदा उठून भागेल. मावशीचा पगार छोटीच्या पगारातून जायचा, म्हणून दादा तेव्हा म्हणाला होता, "गादीचं माझ्याकडे लागलं. मी बघतो." चौदा महिने झाले, तो बघतच होता.

मावशी म्हणजे सांभाळायला ठेवलेली बाई. सकाळी आठला यायची, संध्याकाळी सहाला जायची, रविवारी तिची सुट्टी. उरलेल्या चौदा तासांतली प्रत्येक कूस छोटीची. एका रविवारी दादा तासाभरासाठी आला होता, तेव्हा ती त्याला म्हणाली, "दादा, आठवड्यातून दोन दिवस तू येऊन राहा. मला एक झोप हवी आहे. एकच. अखंड."

दादा गंभीर झाला. मान हलवत म्हणाला, "तुझं म्हणणं माझ्या लक्षात आलंय." आणि पुढच्या रविवारी तक्ता घेऊन आला.

तक्त्यावर सहा रंगांचे सहा चौकोन होते. दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी वीस मिनिटं, कारखान्यात. संध्याकाळी सहा-वीसला वीस मिनिटं, घरी आल्या आल्या. मग दहा, बारा, दोन, चार या वेळांना बाबांची कूस बदलून झाली की प्रत्येकी एक तास चाळीस मिनिटं. खाली बेरीज मारलेली होती: सात तास वीस मिनिटं. बेरजेखाली दोन रेघा होत्या.

"रात्री मी आत्ताही अशीच झोपते, दादा," छोटी म्हणाली.

"अगं, आत्ता तुझी झोप मोडते. यात ती मोडत नाही. यात ती पूर्ण होते आणि पुढची सुरू होते. फरक मनात असतो. बोटीवर महिनोन्महिने एकटे जाणारे लोक असेच झोपतात. मोठमोठे शास्त्रज्ञ असे झोपायचे."

"त्यांच्या घरी कूस बदलायला कोणी नव्हतं वाटतं."

"तू प्रत्येक गोष्ट वाकड्यातच घेतेस. तीन आठवडे दे. शरीर सवय करून घेतं."

छोटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पलंग दिवाणखान्यातच होता, बाबा छताकडे बघत ऐकत होते, त्यांच्यासमोर तमाशा नको म्हणून तिने आवाज खाली ठेवला. "तुला शर्टाला दोन मीटर कापड लागतं. ते मला अखंड दे, मी शर्ट शिवते. तेच दोन मीटर चिंध्यांमध्ये दे, बेरीज तीच येईल. घालून दाखव मग."

दादा हसला. "छोटी, झोप म्हणजे कापड नव्हे."

यावर तिच्याकडे उत्तर होतं. पण नाही म्हणायलासुद्धा माणसाची झोप झालेली असावी लागते. ती गप्प बसली आणि दादाने त्या गप्प बसण्याचा होकार करून घेतला. जाताना त्याने तिच्या फोनमध्ये सहा गजर लावून दिले, पक्ष्यांच्या किलबिलाटाचे. डोळ्यांवर बांधायला काळी पट्टी दिली. आणि दारात चप्पल घालता घालता सांगून गेला, "तीननंतर चहा बंद हं. नाहीतर सगळं गणित बिघडेल." आता सांगा, ज्या बाईची झोप गेली तिचा चहाही काढून घ्यायचा, याला काय म्हणावं?

पहिला आठवडा कसा गेला हे छोटीला धड आठवतही नाही. बसमध्ये ती शेजारच्या अनोळखी बाईच्या खांद्यावर झोपली आणि उठून त्या बाईवरच खेकसली. आंघोळीला गेली ती बादलीवर हात ठेवून उभ्या उभ्या डुलक्या काढत राहिली, पाणी वाहून गेलं. दुपारी एक-दहाला पक्षी किलबिलले की टेबलाखाली, कापडाच्या दोन ताक्यांच्या मध्ये जाऊन आडवी व्हायची. पाच मिनिटांत झोप लागली पाहिजे असं तक्ता म्हणत होता. झोप यायची ती एकोणिसाव्या मिनिटाला. विसाव्या मिनिटाला इस्त्रीवाले काका टेबलावर दोन थापा मारायचे, कारण दादाने गजर झोपायचा लावला होता, उठायचा नव्हता.

"मेले तरी उठवाल तुम्ही!" ती एकदा खालूनच ओरडली.

"मेल्यावर नाही उठवणार, मास्तरीण," काका म्हणाले. "तेवढी सवलत आहे."

दुसऱ्या आठवड्यात राग फुटू लागला. तिला सगळ्यांचा राग येई. रात्री बिनघोर घोरणाऱ्या वरच्या मजल्यावरच्या माणसाचा, बसमध्ये जांभई देणाऱ्या पोरांचा, काळ्या पट्टीचा. कारखान्याबाहेरच्या झाडावर एका सकाळी खरे पक्षी ओरडले, तर हिने त्यांना अशा शिव्या घातल्या की रखवालदार बाहेर येऊन बघून गेला. आणि रोज रात्री आठ-वीसला दादाचा फोन. "काय, बसतंय का अंगवळणी?" एक दिवस आत्याचा फोन आला, "ऐकलं, तू म्हणे आता शास्त्रीय पद्धतीने झोपतेस? कौतुक वाटतं हो!" म्हणजे हा उंटावरचा शहाणा नातेवाइकांत मिरवतही होता.

पण सगळ्यात वाईट गोष्ट ही, की त्या रागातला थोडा बाबांच्याही वाट्याला आला. त्यांना कूस देताना तिचा हात पूर्वीसारखा हलका राहिला नव्हता. पाठीखाली हात घालायचा, ओढायचं, उशी ठोसायची, टाच बघायची, चादर कोरडी आहे का बघायची, संपलं. पाठ बघायची, टाच बघायची, चादर बघायची. तोंडाकडे बघायची नाही. एकदा त्यांनी डाव्या हाताने तिचं मनगट धरलं, काहीतरी सांगायला, तर ती म्हणाली, "पडा आता गुपचूप. माझी एक तास चाळीस मिनिटं चाललीत." त्यांनी हात सोडला.

आणि तिसऱ्या आठवड्यात, काय म्हणता, जमायला लागलं! गजराच्या एक मिनिट आधी तिचे डोळे आपोआप उघडू लागले. टेबलाखाली पडली की झोप लागू लागली. अंग कसं हलकं हलकं, डोकं रिकामं, पाय जमिनीपासून दोन बोटं वर. दादाचं खरं ठरतंय याचाच तिला इतका संताप आला की विचारू नका. तरी बुधवारी ती फोनवर म्हणून गेली, "जमतंय." आणि पलीकडून ते ऐकू आलं जे तिला जन्मात ऐकायचं नव्हतं: "बघ! मी काय सांगत होतो?"

गुरुवारी टेबलावर सुरक्षारक्षकांच्या शर्टांचं कापड होतं. ऐंशी थर, एकावर एक, सगळ्यांची सुलट बाजू वर. हे कापड एका अंगाने चकचकीत आणि दुसऱ्या अंगाने मळकट दिसणारं, त्यामुळे बाही उलटीपालटी करून लावायची सोय नाही. बाहीचा पुठ्ठ्याचा फर्मा एकच असतो. मुंढ्याचा, म्हणजे बाही खांद्याला जोडतात तिथला, पुढचा घेर खोल, मागचा उथळ. एकदा तसाच ठेवून खडूने आखला की डावी बाही, मग फर्मा उलटा करून आखला की उजवी. शिकाऊ माणूससुद्धा हे जाणतो. आणि बाबांचा याबाबतीत एकच कडक नियम होता: डावी आखली की उजवी आखेपर्यंत खडू खाली ठेवायचा नाही. गिऱ्हाईक हाक मारो, दुकानाला आग लागो, उजवी आखून मगच पळायचं. दहा वर्षांच्या छोटीने हा नियम एकदा मोडला होता, तेव्हा त्यांनी तिला मारलं नाही, फक्त दोन्ही डाव्या बाह्यांचा झगा शिवून तिला घालायला दिला. दिवसभर ती खांद्यात आखडल्यासारखी फिरली आणि जन्माचा धडा शिकली.

तिने फर्मा ठेवला. डावी आखली. आणि पक्षी किलबिलले.

सव्वीस वर्षांत ती खडू ठेवून उठली नसती. पण तीन आठवड्यांत शरीर शिकलं होतं ना! हात आपोआप थांबला, गुडघे आपोआप वाकले, ती टेबलाखाली गेली आणि मिनिटाभरात झोपली. वीस मिनिटांनी उठली ती ताजीतवानी. टेबलावर एक बाही आखलेली होती, फर्मा शेजारी पडला होता. तिच्या त्या हलक्या, रिकाम्या डोक्याने सांगितलं, उजवी झाली, आता डावी. तिने फर्मा ठेवला, आखला, यंत्राची कातर सुरू केली आणि ऐंशीच्या ऐंशी थरांतून लोण्यासारखी फिरवली.

शिवणाऱ्या पहिल्या बाईने तासाभराने दोन बाह्या हातात धरून हाक मारली, "मास्तरीण, जरा बघता का?" छोटीने एक उचलली, दुसरी उचलली, मग गठ्ठ्यातून पाचवी, दहावी, चाळिसावी. एकशे साठ बाह्या. सगळ्या डाव्या.

यंत्रं एकेक करून थांबली. इस्त्रीवाले काका इस्त्री उभी करून नुसते बघत राहिले. त्या रंगाचं कापड संपलेलं होतं, आणि पुन्हा मागवलं तर रंगात फरक पडणार हे तिथल्या सगळ्यांना माहीत होतं.

मालक ओरडले असते तर बरं झालं असतं. तिने उलट ऐकवलं असतं, भांडण झालं असतं, मोकळी झाली असती. पण ते हळू आवाजात बोलले. "मास्तरीण, घरचं मला कळतं. उद्या तुम्ही धागे कापायला बसा. सोमवारी टेबलावर या, पण झोपून या. ते जमणार नसेल तर सांगा, मी दुसरा माणूस बघतो. तुम्हाला काढणार नाही, बटणांवर बसा निवांत."

बटणांवर! निवांत! दुसरा दिवसभर ती कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून तयार शर्टांचे लोंबते धागे कापत होती आणि तिचं टेबल समोर रिकामं होतं. तिला रडू येत नव्हतं. तिला कोणाचा तरी गळा धरायचा होता.

गुरुवारीच संध्याकाळी तिने त्यातली एक बाही घरी आणली होती. का आणली, तिलाच ठाऊक नव्हतं. सहा-वीसचे पक्षी ओरडले, ते तिने बंद केले आणि झोपायला न जाता बाबांच्या पलंगाच्या कडेवर बसली. बाही त्यांच्या छातीवर ठेवली आणि म्हणाली, "अशा एकशे साठ. सगळ्या डाव्या. खडू ठेवून उठले बाबा मी. गजर झाला म्हणून."

बाबांनी डाव्या हाताने बाही उलगडली. अंगठ्याने मुंढ्याचा घेर चाचपला, पुढून, मागून. बराच वेळ लागला त्यांना. मग त्यांचं अर्धं तोंड हललं. शब्द एकेक करून, जड, ओले येऊ लागले. "डावीच..." ते म्हणाले, "मला... पुरे."

पहिल्यांदा तिला कळेचना. कळलं तेव्हा हसू असं फुटलं की मावशी त्या दिवशी उशिराने पिशवी घेऊन निघाली होती ती परत फिरली. बाप-लेक हसत होते. हसता हसता छोटी रडायला लागली. या माणसाचं अर्धं अंग गेलं तरी बाहीचा घेर त्याला अंगठ्याने कळतो, आणि त्याने दिलेला हात आपण एका रंगीत तक्त्यापायी घालवून बसलो. आठ-वीसला फोन वाजला.

"काय छोटी, आज अठरा दिवस झाले!"

"दादा, शनिवारी राहायला ये."

"शनिवारी माझी कार्यशाळा आहे गं. झालं काय?"

तिने सांगितलं. पलीकडे त्याने कागद चाळले. मग म्हणाला, "म्हणजे दुपारच्या तुकड्याची वेळ चुकतेय. आपण तो पावणेदोनला घेऊ. आणि सातवा एक छोटा तुकडा टाकता येईल, सकाळी बसमध्ये..."

"दादा," छोटी म्हणाली, "तुझ्या तक्त्यात सगळं आहे. मी कधी झोपायचं आहे, कधी उठायचं आहे, चहा कधी प्यायचा नाही तेही आहे. तू कुठे आहेस त्यात?"

"मी नसतो तर हा तक्ता केला कोणी?" दादा दुखावून म्हणाला.

तिने फोन ठेवला. आता तिचा राग थंड झाला होता आणि तो थंड राग जास्त कामाचा होता.

शनिवारी अर्धा दिवस भरून ती दुपारी घरी आली आणि तिने मावशीला बाजूला घेतलं. "आज रात्री मी घरी नसेन. दादा येईल. तो आल्याशिवाय हलू नका."

"हलते कशाला?" मावशी म्हणाली. "मलाही बघायचंय."

चार वाजता तिने दादाच्या घराची बेल वाजवली. दार वहिनीने उघडलं. चौदा महिने ही बाईही मूग गिळून बसली होती, म्हणून छोटी तिच्यासाठीही चार शब्द तयार ठेवून आली होती. पण वहिनीने तिच्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि बाजूला झाली. "मी यायला हवं होतं तुझ्याकडे," ती म्हणाली. "नाही आले. आत जा, पडदे ओढते." छोटी ते चार शब्द तसेच घेऊन आत गेली.

दादाच्या पलंगावर बसून तिने त्याला फोन लावला. मागे टाळ्या वाजत होत्या, कार्यशाळा नुकती संपली असावी. "दादा, मावशी सहाला सुटते. नंतर बाबांजवळ कोणी नाही."

"म्हणजे? तू कुठे आहेस?"

"तुझ्या घरी. तुझ्या गादीवर. मऊ आहे."

"छोटी, हे काय पोरकटपण? मला कूस बदलता येत नाही, मी कधी..."

"मावशी शिकवेल. मग आठ, दहा, बारा, दोन, चार, सहा. मधल्या वेळात झोप. झोप मोडत नाही रे, पूर्ण होते आणि पुढची सुरू होते." तिने फोन वहिनीच्या हातात दिला. वहिनीने तो बंद करून स्वयंपाकघरातल्या डब्यांमागे ठेवला.

छोटी झोपली. त्या झोपेचं वर्णन काय करायचं? त्यात काहीही नव्हतं. स्वप्न नव्हतं, पक्षी नव्हते, पाठ, टाच, चादर नव्हती. ती उठली तेव्हा पडद्याच्या फटीतून ऊन जमिनीवर आलं होतं, गालावर उशीच्या शिवणीचा वळ उठला होता आणि वहिनी दारात चहा घेऊन उभी होती. साडेसात वाजले होते, रविवारचे. चहा पिताना छोटीला आपल्या हाताची बोटं आपलीच वाटली, कितीतरी दिवसांनी.

घरी पोचली ती भांडायच्या पूर्ण तयारीने. झोप झाल्यामुळे आता तिला सगळी उत्तरं वेळेवर सुचणार होती. दार उघडंच होतं. दादा बाबांच्या पलंगाशेजारी स्टुलावर बसला होता. डोळे तांबारलेले, शर्टाचं एक बटण खालच्या काजात, पायात मोजे तसेच. आदल्या दिवशी दोनशे लोकांना वेळ शिकवणारा तो हाच, हे सांगून पटलं नसतं. छोटीने तोंड उघडलं, पण तोच आधी बोलला.

"ते झोपतच नाहीत."

"कोण?"

"बाबा. मी उठायच्या आधी ते जागे असायचे. प्रत्येक वेळी. दोन वाजता मी दिवा लावला तर माझ्याकडेच बघत होते. चार वाजता तसंच. आता दोन तासांनी दुखणार, आता उचलणार, म्हणून आधीच जागे होऊन वाट बघतात. माझा हात जोरात लागला तर मलाच थोपटलं त्यांनी." दादाने बाबांची चादर सारखी केली. "छोटी, हे रोज असेच जागे असतात का?"

पाठ ठाऊक होती छोटीला, टाच ठाऊक होती. तोंडाकडे तिने पाहिलंच कधी होतं? आणि ज्या रात्री त्यांनी मनगट धरलं त्या रात्री काय सांगायचं होतं त्यांना?

दादा उठला. खिसे चाचपत म्हणाला, "ती हवेची गादी... डॉक्टर काय म्हणाले होते? कुठे मिळते? रविवारी दुकान उघडं असेल ना?"

एक रात्र. चौदा महिन्यांत जे झालं नाही ते साहेबांची एक रात्र मोडल्यावर होणार होतं. छोटीने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने मान खाली घातली. "उघडं असेल," ती म्हणाली. "आणि गादी आली म्हणून सुटलास असं समजू नकोस. शुक्रवार आणि शनिवार तुझे. दर आठवड्याला. तक्त्यात लिहून घे हवं तर." तो काहीतरी म्हणणार होता. मग त्याची नजर बाबांकडे गेली आणि तो बूट घालून जिना उतरला.

आता घरात दोघंच होती. छोटी पलंगाच्या कडेवर बसली. आज पहिल्यांदा तिने पाठीखाली हात घालायच्या आधी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. डोळ्यांखालची कातडी काळी पडून लोंबली होती. आरशात तिला गेले कित्येक महिने हेच दिसत होतं.

"झोपलीस?" बाबांनी विचारलं.

"झोपले, बाबा. एका अखंड तुकड्यात." मग तिने त्यांची उशी सरळ केली. "आणि तुम्ही? तुम्ही कधी झोपता?"

बाबा विचार करू लागले. डावा हात चादरीवर चालत चालत आला, त्या परवाच्या बाहीपर्यंत, जी अजून त्यांच्या उशाशी होती. त्यांनी ती चिमटीत धरली.

"चिंध्या..." ते म्हणाले, "जोडून."

म्हणजे त्या दिवशी त्यांनी सगळं ऐकलं होतं. दादाचा तक्ता, तिची उत्तरं, सात तास वीस मिनिटं. चौदा महिने दोघांची झोप एकाच कातरीने कापली जात होती. तिच्यासाठी निदान कोणी रंगीत चौकोन तरी आखले होते, यांच्यासाठी ते आखावे असं कोणाच्या मनातही आलं नव्हतं. तिच्याही नाही. छोटीला राग आला, भयंकर आला, आणि यावेळी तो दादावर ढकलायची सोय नव्हती. तिने त्यांची कूस बदलली, पूर्वीच्या हाताने, सावकाश. मग फोन काढला आणि सहाचे सहा पक्षी एकेक करून उडवून लावले. निदान तिला तसं वाटलं.

सोमवारी ती टेबलावर उभी होती. नवं कापड, ऐंशी थर, सुलट बाजू वर. मालक काचेआडून बघत होते. तिने फर्मा ठेवला, डावी आखली, आणि एप्रनच्या खिशात पक्षी किलबिलायला लागले. एक-दहाचा राहून गेला होता.

इस्त्रीवाले काका सवयीने टेबलापाशी आले. "पडा, मास्तरीण. वीस मिनिटांनी थापा मारतो."

पक्षी ओरडत होते. छोटीने फर्मा उलटा केला.

"थांबा," ती म्हणाली, "उजवी राहिलीये."